नाग गेला, माकड आलं

तर मंडळी, नागाचा मुखवटा माळ्यावर गेला. माया पंचांगात माझा जन्मदिवस ‘कान’, म्हणजे नाग, असं धरून चार महिने मी प्रयोगावर राबले, सरपटणं बसवलं, अर्धी वही भरली, आणि परवा कळलं की मी नाग नाहीच!

ज्या ॲपवरून दिवस काढला होता, ते २९ फेब्रुवारी धरतच नाही. न्यू एज अध्यात्मवाल्यांची नवी गणना ती. ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांचे अहकीह, म्हणजे परंपरेने दिवस मोजणारे, असा एकही दिवस गाळत नाहीत. दिवसांची २० नावं, १३ अंक, दोन्ही जोडीने पुढे सरकतात, २६० दिवसांचं चक्र अखंड. शेवटी कागद घेऊन बसले. २१ डिसेंबर २०१२ म्हणजे ४ अहपू, हा खुंटा पक्का. माझ्या जन्मापासून, १८ मे १९८७ पासून, तिथवर ९३४९ दिवस. २० ने भागून बाकी ९, म्हणून अहपूपासून नऊ घरं मागे: बात्स. १३ ने भागून बाकी २, ती ४ मधून वजा. म्हणजे २ बात्स. (पहिल्या खेपेला १९८८ चा लीप दिवस मीच विसरले होते. आणि नावं ॲपला ठेवतेय.)

खरी चीड वेगळीच आहे. नागाच्या तालमीत माझा जो दबलेला राग वर आला, तो खोटा नव्हता. चुकीच्या दिवसातून तो निघाला कसा? दोन रात्री डोकं खाल्लं या प्रश्नाने. तूर्त तो प्रवेश ठेवलाय, मुखवट्याशिवाय.

बात्स म्हणजे माकड आणि धागाही, विणकर-कलावंतांचा दिवस. पोपोल वुह या किचे पुराणातले हुन बात्स आणि हुन चोवेन हे कलावंत भाऊ आठवा. लंगोटाची टोकं मागे सोडली आणि त्यांच्या शेपट्या झाल्या, दोघांची माकडं झाली. मग बासरीवर नाचत घरी आले, तर त्यांच्या आजीला हसू आवरेना. काल माकड करता करता ती आजी माझ्याच तोंडून हसली. पूर्ण तालमीत तेवढाच क्षण जमला, पण काय जमला!

८ बात्सला ग्वाटेमालातल्या मोमोस्तेनांगो गावात नव्या अहकीहांना दीक्षा देतात. प्रयोग त्याच दिवशी करायचा मोह होता, सोडला. त्यांचा विधी त्यांच्याकडे.

मुखवटा आता कागदलगद्याचा नाही. पावसाळ्यात तो मऊ पडतो, कितीही वॉर्निश लावा. अहकीह कौल लावायला वापरतात त्या त्सिते झाडाच्या लाल बिया आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातल्या, म्हणून पांगाऱ्याचं लाकूड कोरायचं ठरवलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, मुखवटा हवाच कशाला? नऊवारी नेसायची आणि ऐन नाचात काष्टा सोडायचा. झाली शेपूट! उद्या आजीचं जुनं लुगडं काढते.