प्रौढ वयात ऑटिझमचे निदान करून घेताना : माझा अनुभव

ऑटिझम म्हणजे इतरांशी संवाद साधण्यात आणि वागण्यात लहानपणापासून असलेले वेगळेपण. त्याचे निदान रक्ताच्या तपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून होत नाही. माणूस कसा बोलतो, कसा वागतो, लहानपणी कसा होता आणि आज त्याचे नेमके कुठे अडते, याची तपशीलवार चौकशी करूनच तज्ज्ञ निष्कर्षाला येतात. नाव नोंदवल्यावर हे मला समजले आणि माझी धास्ती वाढली, कारण स्वतःविषयीच्या मोघम प्रश्नांना उत्तरे देणे मला कधीच जमलेले नव्हते.

सुरुवात प्रश्नावलीने झाली. मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रश्नावलीत ५० विधाने असून प्रत्येकापुढे ठाम सहमतीपासून ठाम असहमतीपर्यंत चार पर्याय असतात. तेवढ्यावरून निदान होत नाही. पुढची तपासणी करावी की नाही, याचा अंदाज येतो. ‘मला समारंभांना जायला आवडते’ अशा धाटणीचे विधान आले की मी अडत असे. समारंभ किती माणसांचा, त्यांत ओळखीची किती, आवाज केवढा आणि मध्येच निघून येण्याची सोय आहे का, हे ठाऊक नसताना सहमत तरी कशाशी व्हायचे? अखेर मी पर्याय निवडले आणि समासात माझ्या अटी लिहिल्या. मानसशास्त्रज्ञ बाईंनी गुणांची बेरीज केली, पण नंतरचा बराच वेळ त्या समासावरच बोलल्या.

त्यानंतर आईची मुलाखत झाली. लक्षणे बालपणापासून असावी लागतात, मग ती ठळकपणे नंतर दिसली तरी चालते. म्हणून प्रौढांच्या बाबतीतही शक्य असेल तर पालकांना विचारतात. आईने आधी सगळे काही सुरळीत होते असेच सांगितले. मग बाईंनी एकेका दिवसाचा क्रम विचारायला सुरुवात केली, तेव्हा ती सहज म्हणाली, “हट्टी नव्हती हो, फक्त भिंतीवरचे घड्याळ बंद पडले की ते सुरू होईपर्यंत जेवायची नाही.” आमच्या घरात ही गोष्ट गमतीची म्हणूनच सांगितली जाते.

प्रत्यक्ष भेटीत गप्पा, चित्र पाहून वर्णन करणे आणि एखादी रोजची कृती समजावून सांगणे असे प्रकार होते. चित्राचे वर्णन करताना मी फरशीची नक्षी, खिडकीचा तुटका गज आणि भिंतीवरची सावली उजेडाच्या दिशेशी जुळत नाही हे सांगितले. खोलीतली दोन माणसे भांडत आहेत हे सर्वांत शेवटी. माझ्या डोक्यात तपशील आधी येतात आणि त्यांतून चित्र नंतर जुळते. त्यामुळे हिशेबातली चूक मला चटकन दिसते आणि समोरच्याचा राग उशिरा कळतो.

त्याच भेटीत बाईंनी मध्येच विचारले, “आता तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत आहात का?” मी त्यांच्या भुवयांच्या मधोमध बघत होते. ही युक्ती मी शाळेत असतानाच शोधली होती आणि तोवर ती कुणी ओळखली नव्हती. समोरच्याचे हसू पाहून हसणे, फोन करण्याआधी वाक्ये लिहून काढणे, गप्पांत किती वेळाने प्रश्न विचारायचा याचा मनात हिशेब ठेवणे, या सगळ्याला तज्ज्ञ मुखवटा म्हणतात. अनेक स्त्रियांचे निदान उशिरा होण्याचे ते एक कारण मानले जाते. मुखवटा चांगला वठला की लोकांना अडचण दिसत नाही. संध्याकाळी घरी येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते, हेही दिसत नाही.

चिंताविकार आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्थिर राहणे अवघड जाणे) यांचीही चाचपणी झाली. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्याची मुभा दिली. त्याआधीच्या आवृत्तीत ती नव्हती. आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयीची तीव्र किंवा मंद संवेदनशीलताही त्याच वेळी निकषांत आली. ट्यूबलाइटच्या गुणगुणण्याने माझे लक्ष उडते ही तक्रार मी आजवर नाजूकपणाच्या खात्यात टाकत आले होते. अहवालात तिला स्वतंत्र परिच्छेद मिळाला.

निदान सांगताना बाईंनी स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेल्या विचाराचा उल्लेख केला. ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. जितके आम्ही त्यांना ओळखायला कमी पडतो, तितकेच तेही आम्हाला. मला हे पटले, तरी नोकरीच्या ठिकाणी जुळवून घेण्याचा भार दोघांवर सारखा पडत नाही, असे माझे मत आहे.

निदानाला लागून कोणतेही औषध आले नाही, कारण ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. अहवालाचा शेवटचा भाग मात्र रोज उपयोगी पडतो : सूचना लेखी द्याव्यात, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवावेत, बसण्याची जागा शांत असावी. पूर्ण अहवाल न दाखवता मी एवढेच कार्यालयात दिले. जागा लगेच बदलून मिळाली आणि लेखी सूचनाही येऊ लागल्या. बैठकीचे विषय अजूनही बैठक सुरू होताना हातात पडतात, आणि त्याबद्दलची विनंती मी दर वेळी नव्याने लेखी पाठवते.