हुद्दा नसलेला पाद्री

ब्रिटिश नौदलातील पाद्रीला हुद्दा नसतो, हे मला पोर्ट्समथ या इंग्लंडमधील नौदलाच्या बंदरात राहायला आल्यावर कळले. या गावातील निम्मी घरे कोणत्या ना कोणत्या नात्याने गोदीशी जोडलेली असल्यामुळे असल्या गोष्टी कुंपणाआडच्या गप्पांतूनच समजतात. शेजारच्या बाईंचे यजमान अनेक वर्षे युद्धनौकांवर होते. त्यांनी सांगितले की पाद्री ज्याच्याशी बोलत असेल त्याचाच हुद्दा त्याला तेवढ्यापुरता लाभतो, म्हणजे कप्तानासमोर तो कप्तान असतो आणि इंजिनखोलीतल्या पोऱ्यासमोर पोऱ्या. हा नौदलातील जुना संकेत आहे. लष्करात आणि हवाई दलात मात्र पाद्र्यांना हुद्दे असतात, त्यामुळे तिथे शिपाई त्यांना सलामही ठोकतात.

साहेबाच्या केबिनबाहेर चपला काढायच्या की नाही याचा विचार करण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना या संकेताचे नवल वाटणारच. मी त्यावर जरा जास्तच विचार केला आहे, हे कबूल. सहा-सहा महिने समुद्रावर असलेल्या खलाशाची बायको घर सोडून गेली, तर त्याने ते कोणाला सांगायचे? त्याचा वरिष्ठ त्याचा वार्षिक अहवाल लिहितो आणि डॉक्टर नोंद ठेवतो. पाद्री यांतले काहीच करत नाही, त्याच्याकडे बोललेले वर जात नाही, आणि बोलणाऱ्याने देव मानलाच पाहिजे अशी अटही नसते. शिवाय तो शस्त्र बाळगत नाही. रॉयल मरीन्स या नौदलाच्या लढाऊ सैनिकांबरोबर जाणारे पाद्री कमांडोंचा खडतर अभ्यासक्रम पूर्ण करून हिरवी टोपी मिळवतात आणि तरीही रणांगणात निःशस्त्रच उतरतात. कौतुक करायचेच झाले तर मी या एका व्यवस्थेचे मनापासून करीन.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मात्र माझे मन इतके उदार राहत नाही. त्या दिवशी युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ गावोगावच्या युद्धस्मारकांपाशी माणसे जमतात, अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, आणि लंडनच्या सेनोटाफ या राष्ट्रीय युद्धस्मारकापाशी लंडनचे बिशप प्रार्थना सांगतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील ४६.२ टक्के लोकांनीच स्वतःला ख्रिस्ती म्हणवले. तरीही राष्ट्राचा शोक चर्चच्याच भाषेत व्यक्त होतो. ब्रिटिश सैन्यदलांसाठी पहिले हिंदू धर्मगुरू २००५ मध्ये नेमले गेले आणि इतर धर्मांचे प्रतिनिधीही आता सेनोटाफपाशी उभे असतात, परंतु ते बाजूच्या रांगेत असतात. टीव्हीसमोर बसून मी दरवर्षी त्या रांगेकडे पाहून चिडते, आणि आमचे यजमान दरवर्षी मला आठवण करून देतात की हा देश इंग्रजांचा आहे.

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, कारण पाद्र्यांनी ती जागा कमावली आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीतील अनाम सैनिकाची समाधी हीच मुळात डेव्हिड रेल्टन या सेनेतील पाद्रीची कल्पना. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ मध्ये, फ्रान्समधील आर्मांतिएर गावी एका बागेत त्यांनी नाव नसलेल्या ब्रिटिश सैनिकाचा साधा क्रूस पाहिला. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही आणि १९२० मध्ये त्यांनी ॲबीच्या डीनना, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंना, पत्र लिहिले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला दफन झाले, तेव्हा शवपेटीवर रेल्टन यांनी रणांगणावर वापरलेला ध्वज पांघरला होता. थिओडोर हार्डी या दुसऱ्या पाद्रीला वय झाले म्हणून आधी सैन्याने नाकारले होते. पुढे त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळवले. निदान आता तरी त्यांनी परत यावे म्हणून राजाने त्यांना दरबारी पाद्री केले. ते आघाडीवरच राहिले आणि युद्ध संपायला महिनाही उरला नसताना वारले.

तिसरे नाव आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. पाद्री विल्यम ॲडिसन यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ९ एप्रिल १९१६ रोजी सन्नय्यात येथे भर गोळीबारात जखमींना वाचवल्याबद्दल. कूत गावाला तुर्कांनी घातलेला वेढा फोडण्यासाठी ती लढाई चालली होती आणि त्या वेढ्यात उपाशी अडकलेल्या पूना डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणी होत्या. त्या रविवारी शांततेची दोन मिनिटे मी मनातल्या मनात त्या पलटणींना देते. इथे त्यांची आठवण दुसरे कोण काढणार?

आता आपल्याकडचे. भारतीय लष्करात पंडित, शिखांचे ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू हे धर्मशिक्षक म्हणून भरती होतात. त्यांचा हुद्दा नायब सुभेदाराचा असतो आणि त्यांचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. पुण्यात जन्म काढलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे, ते मी विचारत नाही. अनेक छावण्यांत एकाच छताखाली सर्वधर्मस्थळ असते, आणि अधिकाऱ्याचा स्वतःचा धर्म कोणताही असला तरी तो आपल्या जवानांबरोबर त्यांच्या पूजेला जातो. ते इथल्या मंडळींना सांगताना माझा आवाज नकळत चढतो. गर्भगृहात जायला नकार देणाऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी २०२५ मध्ये आधी दिल्ली उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. त्याविषयी शेजारच्या बाईंनी विचारले तेव्हा मी पलटणीची एकजूट, जवानांचा विश्वास असे पुष्कळ बोलले. मग त्यांनी शांतपणे विचारले की तुमच्या पंडितजींकडे जवान आपले खाजगी दुःख बोलतो का. बोलत असणारच, असे मी ठामपणे सांगितले. परंतु नायब सुभेदारासमोर जवान सावधान उभा राहतो, ही गोष्ट मी त्या उत्तरात सोयीस्करपणे गाळली.

आपले पंडितजी २६ जानेवारीच्या प्रक्षेपणात दिसत नाहीत, याची मला पूर्वी खंत वाटे. आता तितकी वाटत नाही, कारण आपल्या वाहिन्यांवर धर्माचे कपडे घातलेला माणूस आला की समोर दुसऱ्या धर्माचे कपडे घातलेला आणून बसवतात. त्यापेक्षा हे पाच धर्मशिक्षक पुण्यात एकाच आवारात शिकून, कोणाला न कळता, आपापल्या पलटणीत रुजू झालेले बरे.