पहाटे चालू न होणारा पीएलसी

जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये काटापूजन (हंगामाच्या सुरुवातीला होणारी वजनकाट्याची पूजा) होऊन आठवडा उलटला होता, प्रेसच्या मागे रुईचा ढीग साचला होता आणि एके दिवशी सकाळी प्रेसचा जुना पीएलसी, म्हणजे प्रोग्रामनुसार मशीन चालवणारा कंट्रोलर, सुरूच होईना. मालकांनी फोनवरच विचारले, "भाऊ, नवाच बसवून टाकू का?" मी त्यांना एवढेच सांगितले, की मी येईपर्यंत कोणीही कोणतेही कार्ड काढू नये आणि बॅटरीला तर हातही लावू नये.

ही विनंती मी नेहमी करतो, आणि तिला ठोस कारण आहे. त्या काळातील बहुतेक कंट्रोलरमध्ये प्रोग्राम रॅममध्ये राहतो आणि वीज नसताना त्याला एक लहानशी लिथियम बॅटरी जिवंत ठेवते. जिनिंग पावसाळाभर बंद असते, म्हणजे त्या काही महिन्यांचा सगळा भार तिच्यावरच पडतो. कंट्रोलरची पेटी बाजारात जुनी का होईना, मिळते. पण पंधरा-वीस वर्षांत प्रेसच्या चालीनुसार दुरुस्त होत गेलेला प्रोग्राम कोठेही विकत मिळत नाही. येथे तर पॅनलच्या दारातील ड्रॉइंगचे कागद उंदरांनी कुरतडलेले होते, आणि मालकांकडे प्रोग्रामची दुसरी प्रत नव्हती.

मी पोहोचलो तेव्हा ऑपरेटर आबा पॅनलजवळच उभे होते. "काय व्हयनं भाऊ?" असे त्यांनी विचारले; पण खरे म्हणजे उत्तर त्यांच्याकडेच होते. मी खोदून विचारल्यावर ते म्हणाले, की दोन हंगामांपासून थंडीच्या सकाळी स्विच दोन-तीनदा खालीवर करावा लागतो, दुपारी मात्र मशीन पहिल्याच वेळी उठते. हे वाक्य ऐकताच माझा संशय सीपीयूवरून उठून पॉवर सप्लायवर गेला. सप्लायमधील व्होल्टेज स्थिर ठेवणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारा झाला की आतील द्रव सुकतो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. गारठ्यात तो आणखी वाढतो आणि ऊब मिळाली की काहीसा उतरतो. तापमान 10 अंशांनी वाढले, की अशा कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. आपल्याकडे एप्रिलमध्येही, म्हणजे हंगाम संपता संपता, पारा 42-43 अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमधील बंद पॅनलमध्ये तर त्याहून अधिक उष्मा कोंडतो. हा सप्लाय इतकी वर्षे टिकला, याचेच मला कौतुक वाटते.

तरीही मोजल्याशिवाय निदान करू नये. येणारा पुरवठा 228 व्होल्ट होता आणि सेन्सरांचा वेगळा 24 व्होल्टचा सप्लायही ठीक होता. रॅकमधील 5 व्होल्टच्या जागी मात्र मीटर 4.3 दाखवत होते आणि आकडा सतत डळमळत होता, तर सप्लायवरील हिरवा दिवा अर्धवट उजेडाने लुकलुकत होता. एखादे कार्ड शॉर्ट होऊन सप्लायला खाली ओढत असेल का, हे पाहण्यासाठी वीज बंद करून इनपुट-आउटपुट कार्डे एकेक करून काढून पाहिली. आकडा हलला नाही. सुदैवाने बॅटरी सीपीयूच्या कार्डावर होती, त्यामुळे ते कार्ड न हलवता सप्लाय बाहेर काढता आला. तो उघडण्यापूर्वी मुख्य कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा केला आणि मीटरने खात्री करून घेतली. 230 व्होल्टपासून तेथे सुमारे 325 व्होल्ट डीसी साठतात, आणि वायर काढल्यानंतरही ते काही वेळ तसेच राहतात.

आत कापसाच्या बारीक धुळीचा करडा थर होता. 5 व्होल्टच्या बाजूच्या दोन कपॅसिटरांची डोकी किंचित फुगलेली होती आणि एकाच्या पायाशी तपकिरी डाग पसरला होता. जळगावहून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, 105 अंशांपर्यंत उष्णता सोसणारे, कमी अंतर्गत रोधाचे कपॅसिटर मागवले. ध्रुव दोनदा तपासून ते बसवले आणि वेगळा भार देऊन मोजल्यावर 5.02 व्होल्ट स्थिर मिळाले.

यानंतर घाई करणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. प्रेसचा हायड्रॉलिक पंप अचानक उठू नये म्हणून मोटारींचे फ्यूज काढले, सीपीयूची चावी स्टॉपवर ठेवली आणि मगच वीज दिली. दिवे लागले, मेमरीची तक्रार आली नाही. प्रथम जुन्या लॅपटॉपवर प्रोग्राम उतरवून घेतला, मूळ प्रोग्रामशी ताडून पाहिला आणि दोन ठिकाणी साठवला. त्यानंतर वीज चालू असतानाच बॅटरी बदलली, कारण या कंट्रोलरमध्ये ती बंद अवस्थेत काढली असती, तर इतका वेळ जपलेली मेमरी त्याच क्षणी गेली असती.

बॅटरी बदलल्याची तारीख पॅनलच्या दाराला आतून चिकटवली, फ्यूज परत बसवले आणि आबांना चावी रनवर फिरवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पहाटे, चांगलाच गारठा असताना, त्यांचा फोन आला: स्विच एकदाच टाकावा लागला होता.