५०० मीटर रोइंग: वजनं उचलू की दम वाढवू?

हायरॉक्स (धावणं आणि जिमचे व्यायाम आलटून पालटून असलेली शर्यत) मुंबईत आल्यापासून जिममधल्या कोपऱ्यातल्या रोइंग मशीनला अचानक भाव आलाय, कारण त्यात मध्येच १००० मीटर रो करायचा असतो. आणि मग ठरलेला प्रश्न, ५०० मीटरचा वेळ कमी करायचा तर वेट्स करू की कार्डिओ? माझं म्हणणं, जे तुम्हाला आधीच जमतं ते फक्त टिकवा आणि उरलेला वेळ जे जमत नाही त्याला द्या, भले ते बोअर होवो.

आधी मशीनचं गणित बघा. वेग थोडा वाढवायचा तर वॅट त्याच्या घनाने वाढतात. कॉन्सेप्ट टू कंपनीच्या मशीनवर २:०० चा स्प्लिट (म्हणजे ५०० मीटरला दोन मिनिटं हा वेग) म्हणजे साधारण २०३ वॅट, १:४० म्हणजे ३५० आणि १:३० म्हणजे थेट ४८०. म्हणजे २:०० वरून १:४० वर यायला, पहिले वीस सेकंद कमी करायलाच जवळजवळ पावणेदोनपट जोर लागतो, त्यामुळे नुसतं पळून पळून दम कमावलेल्या माणसाला १:३० स्क्रीनवर दिसतच नाही, पायात तेवढा धक्काच नसतो. त्याने गुपचूप स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करावेत, जड, तीन ते पाच रेप्सचे, मध्ये भरपूर रेस्ट घेऊन.

उलटा नमुना पण आहे. आमच्या जिममधला एक दादा, डेडलिफ्ट बघत राहावी अशी, मशीनवर बसला की डॅम्पर (चाकाच्या बाजूची खिटी) डायरेक्ट १० वर. (तो आकडा म्हणजे वजन नाही हो, चाकात हवा किती जाते एवढंच, चार-पाचवर ठेवलं तरी जोर लावाल तेवढा लागतो.) पहिले १०० मीटर १:२८ ने, सगळे बघतायत, आणि साडेतीनशेच्या पुढे मांड्या दगड. पाय सरळ व्हायच्या आधीच हात ओढायला लागतात, खांदे कानाला, साखळी वरखाली आणि स्प्लिट १:५५. ताकद कुठे गेली नाही त्याची, पण जीव तोडून केलेल्या सव्वा मिनिटाच्या कामात सुद्धा साधारण निम्मी एनर्जी ऑक्सिजनवर येते, आणि ५०० मीटरला बहुतेकांना त्याहून जास्तच वेळ लागतो. ह्याने आठवड्यातून दोन-तीनदा चाळीस मिनिटं, मिनिटाला १८-२० स्ट्रोकच्या रेटने, गप्पा मारता येतील इतकं हळू रोइंग करावं. करणार नाही म्हणा, इगो आडवा येतो.

"कार्डिओने मसल जाते" वाल्यांसाठी: ही भीती बऱ्यापैकी हिक्सन नावाच्या संशोधकाच्या १९८० च्या अभ्यासातून आलीय. त्यात वेट्स आणि कार्डिओ दोन्ही करणाऱ्यांची ताकद शेवटच्या आठवड्यांत वाढायची थांबली आणि मग थोडी कमीही झाली हे खरं, पण ते लोक आठवड्यात पाच दिवस वेट्स आणि सहा दिवस कार्डिओ करत होते! ऑफिस आणि ट्रॅफिक सांभाळून आपल्यातलं कोण एवढं करतंय? दोन दिवस वेट्स, दोन दिवस हळू रो आणि एक दिवस २५० मीटरचे जोरदार तुकडे, पूर्ण श्वास परत येईपर्यंत थांबून, एवढ्यात काही झिजत नाही.

एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर वेट्स आधी, आणि डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी ते २५० चे तुकडे ठेवू नका, कंबर दोन्हीकडे तीच वापरली जाते.