तीन दिवस तीन टोकांचे विषय का?

जानेवारीत आमच्या व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली की हा प्रश्न येतोच. मागच्या वर्षी मेडिकलच्या दुकानात उभ्या उभ्या एका निवृत्त गुरुजींनी विचारला. "पहिल्या दिवशी गुन्ह्यांचा तपास, दुसऱ्या दिवशी जगाचं अर्थकारण, तिसऱ्या दिवशी चित्रं. ह्यात मेळ काय? एकच विषय धरून नीट तीन दिवस का करत नाही?" घाईत होतो, तिथे दोन वाक्यांत काहीतरी सांगून निघालो. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाला सुतळीने बांधलेली एक वही असते. वर्षभर कुणीही यावं आणि त्यात आपला प्रश्न लिहावा. दिवाळीनंतर आम्ही चार-पाच जण ती वही घेऊन बसतो आणि तिच्यातून विषय काढतो. वक्ता त्यानंतर शोधायचा. मोठं नाव आधी ठरवून त्यांना आवडेल तो विषय द्यायचा, ही पद्धत आम्ही केव्हाच सोडली. त्यामुळे पत्रिकेवर जे तीन टोकांचं दिसतं ते ह्याच गावातल्या माणसांनी विचारलेलं असतं.

आणि ही सरमिसळ काही आमची नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. कायदा, अर्थशास्त्र आणि समाजसुधारणा ही त्यांच्या एकाच दिनक्रमातली कामं होती. नाशिकला 1922 पासून गोदाकाठी उघड्यावर लोक बसतात आणि महिनाभर रोज वेगळा विषय ऐकतात. आमची माला त्यांच्यापुढे लहान. तीन दिवस, दोनशे खुर्च्या आणि पुढे सतरंजी.

त्या मागच्या वर्षीच्याच पत्रिकेचं सांगतो. वहीत एकानं लिहिलं होतं, "आमच्याकडे चोरी झाली तेव्हा बोटांचे ठसे का घेतले नाहीत? आता नवीन कायद्यात घ्यावेच लागतात का?" म्हणून न्यायसहायक म्हणजे फॉरेन्सिक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना बोलावलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे आणि ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, हे त्यांनी सरळ सांगितलं. मग त्या म्हणाल्या की ठशांचं हे शास्त्र आपल्याच देशात वाढलं. 1858 मध्ये बंगालात हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गवारीची किचकट मांडणी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांनी बसवली. पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब हेन्री यांचं लागलं.

एवढं बोलून त्यांनी अध्यक्षांसमोरचा पाण्याचा काचेचा पेला उचलला, तोही कडेला दोन बोटांनी. रिकामा करून पुसला, अध्यक्षांना पुन्हा धरायला लावला आणि मऊ ब्रशने त्यावर काळी पूड फिरवली. अंगठा उमटला. चिकटपट्टीने उचलून पांढऱ्या कार्डावर लावला आणि कार्ड पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत फिरवलं. मुलं तर उभी राहून बघत होती.

प्रश्नांना सुरुवात झाली तेव्हा पानटपरीवाले मामा उठले. "मॅडम, मी एका केसमधी पंच होतो. सहा वर्षांनी कोर्टात बोलावलं. वकिलानं विचारलं, हाच तो चाकू कशावरून? मी गप बसलो. काय सांगायला पाहिजे होतं?"

बाई खुर्चीवरून उठून पुढे आल्या. "मामा, तसे चाकू हजार मिळतील. पुडी तुमच्यासमोर बांधली, लाखेने सील केली, लेबलवर तुमची सही घेतली. तुम्ही सही ओळखायची होती." मग त्यांनी सगळ्या मंडपाला समजावलं की पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, आणि पुडी आपल्या डोळ्यांदेखत सील होईपर्यंत जागा सोडू नये. मामा इतके दिवस ती गोष्ट मनात धरून होते. व्याख्यान मोबाइलवरही ऐकता येतं, मान्य आहे. पण मामांचा प्रश्न मोबाइलला विचारता आला नसता.

दुसऱ्या दिवशीच्या विषयाला वक्त्यांनी 'जागतिक आर्थिक आव्हाने' असं नाव दिलं होतं. मी त्यांना फोन करून ते बदलायची विनंती केली, कारण वहीतला प्रश्न होता, "सोयाबीनचा भाव कोण ठरवतं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं, "आज मोंढ्यात काय निघाला?" चार जणांनी चार आकडे सांगितले आणि सगळे त्या हंगामाच्या 4892 रुपये हमीभावाखाली. मग ते सांगत गेले. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल साधारण अठरा किलो निघतं, बाकी बहुतेक पेंड. म्हणजे परदेशात पेंडेला मागणी नसली की इथे भाव बसतो. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केलं, तरी भाव उठला नाही, कारण पेंड पडून होती. आडत्यानेच लुटलं असं ठामपणे मानणारे माझे दोन-तीन मित्र त्या रात्री बराच वेळ शांत होते. आडत्या निर्दोष ठरला असं नाही. दोर किती लांबून ओढला जातो ते मात्र दिसलं.

तिसऱ्या दिवशी चित्तप्रसाद. बंगालच्या 1943 च्या दुष्काळात हा तरुण चित्रकार मेदिनीपूरच्या खेड्यांतून पायी फिरला आणि काळ्या शाईने माणसं काढली. हाडं, रिकामी भांडी, ओस घरं. कितीतरी चित्रांवर त्याने माणसाचं नाव आणि गाव लिहिलं. त्या चित्रांची पुस्तिका छापून आली तेव्हा इंग्रज सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. पुढे तो मुंबईत राहिला. आम्ही पांढरी चादर ताणून चित्रं दाखवली. सुमारे तीस लाख माणसं गेली, हा आकडा आधी सांगून झाला होता. पण मंडप स्तब्ध झाला तो चित्राखालचं एक नाव वाचल्यावर.

सतरंजीवरच्या एक आजी म्हणाल्या, "त्ये मागचं चित्र पुन्यांदा दाखवा." दाखवलं. बघता बघता त्या बहात्तरच्या दुष्काळावर बोलायला लागल्या. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, तलावाच्या कामावर फोडलेली खडी. "आमचं चित्र कुनी काढलं न्हाई. हजेरीपटावर नाव व्हतं तेवढं. अंगठा बी व्हता."

अंगठा म्हटल्यावर पहिल्या दिवशीचं कार्ड ज्यांनी हातात घेतलं होतं, त्यातल्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, "बहात्तरचे हजेरीपट आता कुठे आहेत? ते बघता येतात का?" गुरुजी, पुढच्या जानेवारीचा पहिला दिवस ह्याच प्रश्नाचा आहे. जुन्या दप्तरखान्यात काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर मला नक्की कळवा.