पेटी मिटून गायचा व्हिक्टोरिया

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सगळ्या माजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न पाठवला आहे: शाळेने तुम्हाला काय दिले? मला शाळेने गाण्याचा तास दिला, आणि त्या तासाला शेवटची दहा मिनिटे पेटी मिटून गायची सवय दिली. गुरुजनांच्या आठवणी, सहली, स्नेहसंमेलने हे सारे इतरांच्या मनोगतांत येईलच. मला मिळालेली पाने मी सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश धर्मगुरूंसाठी वापरतो. कारण अगदी व्यवहाराचे आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेचा गायकवृंद पवित्र आठवड्यासाठी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यासाठी, काहीतरी भारदस्त बसवणार असे कळले. पंधरा-सोळा मुलांना पेलेल आणि तरीही ऐकणारा गप्प होईल असे काही हवे असेल, तर तोमास लुईस दे व्हिक्टोरिया यांच्याइतका सोयीचा संगीतकार मला दुसरा माहीत नाही. (राणीशी काही संबंध नाही.) लोक त्यांना अवघड समजतात ते एवढ्याचसाठी, की चूक झाकायला खाली वाद्य नसते.

व्हिक्टोरियांचा जन्म १५४८ च्या सुमारास स्पेनमधल्या आविला परिसरातला. लहानपणीच वडील गेले. आविलाच्या कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांत ते वाढले आणि आवाज फुटल्यावर, १५६५ च्या आसपास, रोमला जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या जर्मन महाविद्यालयात दाखल झाले. त्या वेळी थोर इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिना जवळच रोमन सेमिनरीत संगीत शिकवत होते. १५६९ मध्ये व्हिक्टोरियांना एका स्पॅनिश चर्चमध्ये गायक आणि ऑर्गनवादक म्हणून नोकरी लागली. १५७१ पासून ते ज्या महाविद्यालयात शिकले तिथेच शिकवू लागले, १५७२ मध्ये मोटेटांचे, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या लॅटिन धर्मगीतांचे, पहिले पुस्तक व्हेनिसला छापून निघाले आणि १५७५ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढे काही वर्षे ते रोममधले संतवृत्तीचे धर्मगुरू फिलिप नेरी यांच्या सहवासात राहिले. १५८३ चे मिस्सांचे (मिस्सा म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या ठराविक प्रार्थनांचे संगीत) पुस्तक त्यांनी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला अर्पण केले आणि अर्पणपत्रिकेतच मायदेशी परतायची इच्छा बोलून दाखवली. इच्छा फळाला आली. १५८७ पासून राजाची बहीण, विधवा सम्राज्ञी मारिया हिचे चॅप्लेन, म्हणजे खासगी धर्मगुरू, म्हणून ते माद्रिदच्या देस्काल्सास रेआलेस या मठात राहिले, आणि २७ ऑगस्ट १६११ रोजी माद्रिदमध्येच वारले.

आपल्या मुलखाशी या माणसाचा धागा कुठे लागतो ते सांगतो. १५७५ मध्ये, व्हिक्टोरियांना दीक्षा मिळाली त्याच वर्षी, त्यांच्याच वयाचा एक इंग्रज तरुण रोममध्ये जेझुइट झाला. चार वर्षांनी तो लिस्बनहून गलबतात बसला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. हे आपले फादर थॉमस स्टीफन्स. ज्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले, त्यांच्या उमेदवारीच्या काळात रोममधले जेझुइट संगीत घडवणाऱ्यांत व्हिक्टोरिया होते. मराठी ओवी आणि हे मोटेट एकाच पिढीचे आहेत, हे मुलांना जरूर सांगावे.

व्हिक्टोरियांनी चर्चबाहेरचे एकही गाणे रचलेले नाही. पॅलेस्ट्रिनांच्या नावावर शंभराहून अधिक मिस्सा आहेत, आणि प्रेमगीतेही. व्हिक्टोरियांच्या मिस्सा वीसच्या आसपास. पण जे लिहिले ते पुन्हा पुन्हा तपासून, सुधारून छापले. आपल्याला त्याचा फायदा असा की त्यांच्या छापील पुस्तकांत तीव्र-कोमलाच्या खुणा त्या काळच्या मानाने बऱ्याच जागी स्पष्ट दिलेल्या सापडतात. इतरांच्या बाबतीत गायकाला अंदाजाने ठरवावे लागते.

शाळेने हात घालावा तो १५८५ मध्ये रोमला छापलेल्या पवित्र आठवड्याच्या ग्रंथात. पूर्वी पवित्र गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार यांची पहाटप्रार्थना आदल्या संध्याकाळी गात. वेदीपुढे त्रिकोणी दीपमाळेवर पंधरा मेणबत्त्या लावायच्या आणि चौदा स्तोत्रांगणिक एकेक विझवत न्यायची. पंधरावी न विझवता वेदीमागे लपवायची. म्हणून या उपासनेचे नाव तेनेब्रे, म्हणजे अंधार. पहाटप्रार्थनेचे तीन भाग असत आणि प्रत्येक भागात तीन वाचने व प्रत्येक वाचनानंतर एक अशी तीन प्रतिसादगीते. म्हणजे तीन दिवसांची सत्तावीस गीते झाली. पहिल्या भागात बायबलमधले यिर्मयाचे विलाप वाचले जात. व्हिक्टोरियांनी ते विलाप स्वरबद्ध केले आणि प्रतिसादगीते दुसऱ्या-तिसऱ्या भागांचीच केली, एकूण १८.

या अठरांची मांडणी शाळेसाठी मुद्दाम केल्यासारखी आहे. ती तिना-तिनांच्या गटात येतात. गटातले पहिले आणि तिसरे, सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांचे, आणि मधले दोन सोप्रानो, एक आल्टो, एक टेनर असे. मधल्याला बास लागतच नाही! शाळेच्या गायकवृंदाची नेहमीची रड खर्जाची असते. नववी-दहावीच्या मुलांचा आवाज नुकताच फुटलेला असतो, त्यांना धड पाच-सहा स्वर मिळतात, आणि खालचा आवाज लटका पडला की वरचे सगळे डगमगते. तेव्हा सुरुवात मधल्या गीतांपासून करावी. माझी शिफारस शनिवारच्या ‘ओ वोस ओम्नेस’ची. (याच शब्दांवर व्हिक्टोरियांचे १५७२ चे वेगळे मोटेटही आहे आणि त्यात बास आहे, प्रती काढताना गफलत होऊ देऊ नका.) शब्द विलापगीताचे: वाटेने जाणाऱ्यांनो, थांबा आणि पाहा, माझ्या दुःखासारखे दुःख कुठे आहे का. गोव्यात प्रायश्चित्तकाळातल्या मिरवणुकीत वेरोनिका येशूचा चेहरा उमटलेले वस्त्र उलगडत हेच शब्द गाते, त्यामुळे गोव्याकडच्या पाहुण्यांना ते लगेच ओळखू येतील.

गीताचा आराखडा अभंगाच्या ध्रुवपदासारखा आहे. आधी पूर्ण मुखडा, मग कमी आवाजांत एक कडवे, आणि कडव्यानंतर मुखड्याचा फक्त उत्तरार्ध, इथे ‘सी एस्त दोलोर’पासून. गटातल्या तिसऱ्या गीतात त्यापुढे सगळा मुखडा पुन्हा येतो. हे परत फिरणे प्रतीत अनेकदा नुसत्या खुणेने दाखवलेले असते. तालमीत मुले नेमकी तिथे चुकतात, अर्धी सुरुवातीला जातात आणि अर्धी उत्तरार्धाला. उत्तरार्धाची पहिली जागा प्रत्येक प्रतीवर लाल पेन्सिलीने आखून घ्यावी.

आवाजांची वाटणी: पंधरा मुले असतील तर पहिला सोप्रानो चार, दुसरा चार, आल्टो चार, टेनर तीन. दोन्ही सोप्रानो अगदी समान ताकदीचे हवेत, कारण त्यांच्या ओळी एकमेकींना ओलांडतात. चांगल्या मुली सगळ्या पहिल्यात आणि उरलेल्या दुसऱ्यात, अशी वाटणी इथे मुळीच चालत नाही. टेनरला दोन शिक्षक आणि एखादा दहावीचा मुलगा पुरे. खरी अडचण आल्टोची. त्या काळी ही ओळ मोठी माणसे उंच आवाजात गात, म्हणून ती आजच्या मुलींना खाली जाते. खालच्या स्वरांवर मुली दाबून गातात आणि आवाज घोगरा होतो. उपाय सोपा आहे. छापलेली पट्टी हा कायदा नाही, कारण त्या काळी लिहिलेल्या स्वराला ठराविक उंची नव्हतीच. गायक जमेल तिथून उचलत. पूर्ण स्वराने वर घेऊन पाहा, पहिल्या सोप्रानोचा सर्वांत वरचा स्वर किंचाळत नाही ना एवढे तपासा, आणि मग ती पट्टी शेवटपर्यंत बदलू नका.

पहिल्या तालमीत गाऊच नये, शब्द बोलावेत. आ-तेन्-दि-ते मध्ये जोर ‘तेन्’वर, वि-दे-ते मध्ये ‘दे’वर, पण दो-लोर आणि सि-मि-लिस मध्ये पहिल्या अक्षरावर. आपल्या जिभेला प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने म्हणायची सवय असते, आणि तसे गायले की हे संगीत पाढे म्हटल्यासारखे वाटते. मुळात यात मात्रांच्या उभ्या रेघा नव्हत्या. त्या आजच्या संपादकांनी वाचायच्या सोयीसाठी घातल्या आहेत. रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर आघात दिला की ओळ मोडते. हात नुसता खाली-वर, सारख्या गतीने हलवावा आणि जोर शब्दाने ठरवावा.

दुसऱ्या तालमीपासून तंबोरा, आणि पेटी मिटलेली. ही नुसती जुनी खोड नाही. पेटीचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने चढा असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोच या संगीताला हवा आहे. शेवटच्या स्वरमेळात गंधार घेणारी मुले पेटीवर शिकलेली असली, तर मेळ कितीही वेळ धरला तरी थरथरत राहतो. तंबोऱ्यावर शिकलेली असली तर तो एकदम स्थिरावतो, आणि फरक मुलांना स्वतःलाच कळतो. प्रत्येक ओळ वेगळी बसली की जोड्या लावाव्यात: आधी पहिला सोप्रानो आणि टेनर, मग दुसरा सोप्रानो आणि आल्टो. चौघे एकत्र सगळ्यात शेवटी.

आता व्हिक्टोरियांच्या संगीताचा प्राण कुठे आहे ते. एक आवाज गोड जुळलेला स्वर घेतो आणि धरून ठेवतो. दुसरा आवाज पुढच्या ठोक्यावर असा हलतो, की धरलेला स्वर आता टोचू लागतो. मग पहिला आवाज एक पायरी खाली उतरतो आणि टोचणी मिटते. ‘दोलोर’सारख्या शब्दावर हीच हालचाल दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. मुले इथे दोन प्रकारे घोटाळा करतात. धरणाऱ्याला वाटते आपण बेसूर झालो, म्हणून तो ठोक्याआधीच खाली घसरतो. किंवा तो धरतो, पण अंग चोरून. दोन्हींत टोचणीच नाहीशी होते आणि उरते ते सपक प्रार्थनागीत. धरलेला स्वर ठोक्याकडे जाताना थोडा वाढला पाहिजे आणि उतरल्यावर हलका झाला पाहिजे. दोघा-दोघांना समोरासमोर उभे करून एवढीच तीन पावले दहा वेळा गाऊन घ्यावीत. टोचणे बरोबर आहे हे एकदा पटले की मुले त्या जागेची वाट पाहू लागतात.

दुसरे दुखणे सूर उतरण्याचे. तीन मिनिटांत अर्धा स्वर सहज उतरतो. एकाच स्वरावर सलग अक्षरे आली की प्रत्येक अक्षर केसभर खाली येते. उतरताना पायऱ्या मोठ्या पडतात आणि चढताना अर्धा स्वर तोकडा पडतो. शेवटी तंबोऱ्याशी ताडून पाहावे. दर वेळी एकाच ओळीत उतरत असेल तर दोष त्या ओळीतल्या एखाद्या चढत्या अर्ध्या स्वराचा असतो, तो सुटा करून घासावा. दर वेळी वेगळ्या जागी उतरत असेल तर मुले दमली आहेत किंवा श्वास अपुरा पडतो आहे, तेव्हा तालीम थांबवावी. श्वास सगळ्यांनी एकदम घेऊ नये. शेजारी गात असताना घ्यावा, आणि शब्दाच्या मध्ये कधीच नाही.

हे जमले तर नाताळासाठी ‘ओ मान्युम मिस्तेरियुम’ घ्यावे, पण त्याला बास लागेल. १५७२ च्या पुस्तकातले हे मोटेट. मुखड्याला सोप्रानो पंचमावरून थेट षड्जावर उतरतो, परत पंचमावर उडी घेतो, कोमल धैवताला स्पर्श करून पंचमावर येतो. एवढ्या चार हालचालींत गोठ्यातले सारे आश्चर्य आले. हीच चाल घेऊन बाकीचे आवाज एकेक करून आत येतात. म्हणून सोप्रानोचा पहिला षड्ज पक्का नसला तर पुढचे सगळे त्या चुकीवरच उभे राहतात. ‘ओ बेआता व्हिर्गो’ला चौघे एकदम, संथ, स्वरमेळात येतात, त्याआधीची शांतता घाईने भरू नये. शेवटचा ‘आलेलुया’ तीनच्या चालीत उसळतो आणि मग पुन्हा दोनच्या चालीत येतो.

सम्राज्ञी मारिया १६०३ मध्ये वारली. तिच्यासाठी रचलेली आणि १६०५ मध्ये छापलेली सहा आवाजांची मृतांसाठीची मिस्सा ही व्हिक्टोरियांची सर्वांत थोर कृती, असे माझे मत आहे. चर्चमधली एकाच ओळीत गायची जुनी चाल त्यात बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सोप्रानोत संथपणे चालत राहते आणि बाकीचे पाच आवाज तिच्याभोवती फिरतात. ती शाळेने ऐकावी, गाऊ नये. १६०० च्या संग्रहातल्या आठ, नऊ, बारा आवाजांच्या रचना तर आपल्या कुणाच्याच आवाक्यातल्या नाहीत.

प्रतींचा खर्च नाही. हे संगीत स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे, फुकट मिळते. प्रती मात्र मोठ्या अक्षरात काढा, कारण मेणबत्त्या विझू लागल्या की लहान अक्षर दिसत नाही आणि मोबाईलचा उजेड चालू केला की सगळेच मुसळ केरात. मूळ पुस्तक एवढे मोठे होते की सारे गायक एकाच घडवंचीभोवती उभे राहून वाचत. आपणही आवाजागणिक एक मोठा कागद आणि एक झाकलेला दिवा ठेवावा. शेवटी अंधारात पुस्तके बाकांवर आपटून भूकंपाचा आवाज करायची रीत आहे, ती मुलांना फार आवडते. तो आवाज कधी थांबवायचा याची खूण आधीच ठरवून ठेवा. लपवलेली मेणबत्ती बाहेर आली की थांबायचे हा जुना नियम आहे, पण मागच्या बाकांना मेणबत्ती दिसत नाही, म्हणून तिथे एक शिक्षक उभा करा.