शंभराव्या वर्षाचं पाणी

तांब्याच्या एका नियोजित खाणीचा लाभ-खर्च अहवाल आमच्या गटाकडे तपासणीला आला होता. माझा विषय भूजल. खाण बंद झाल्यावर पाण्याचं काय, एवढंच मला पाहायचं होतं. तो खर्च तक्त्यात इतका नगण्य दिसला, की आकडा टाकताना शून्य गळलं असावं असं वाटलं.

तांब्याच्या धातुकात तांबं बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतं. बाकीचा दळलेला चुरा तिथेच साठतो. त्यात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, असेल, तर हवा-पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होतं आणि ते खडकातले जड धातू विरघळवत राहतं. अमेरिकेतल्या बर्कली पिट या तांब्याच्या उघड्या खाणीत 1982 मध्ये पाणी उपसणारे पंप थांबले, खड्डा आम्लयुक्त पाण्याने भरत गेला, आणि ते पाणी आजही शुद्ध करावं लागतं. आमच्याकडच्या नमुन्यांतही पायराइट भरपूर होतं.

शून्य गळलं नव्हतं. अर्थतज्ज्ञ सहकारी म्हणाले, "मॅडम, डिस्काउंट रेट 8 टक्के धरलाय." भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणण्याचा हा वार्षिक दर. म्हणजे शंभर वर्षांनी लागणाऱ्या 2,200 रुपयांची आजची किंमत जेमतेम 1 रुपया. दर 2 टक्के धरला, तर तीच 300 च्या वर जाते.

त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आजचा पैसा गुंतवला तर वाढतो, रोजगार हवा आहे, आणि विजेच्या कामाला तांबं लागतंच. मलाही खाण नकोच असं म्हणायचं नव्हतं. पण तो 1 रुपया आज खरोखर कुणी बाजूला ठेवणार असेल, तरच हा हिशेब प्रामाणिक. नाहीतर नफा आजच्यांचा आणि पंप चालवायचे अजून न जन्मलेल्यांनी.

दुपारच्या बैठकीत मी कंपनीच्या प्रतिनिधींना तेच विचारलं: ही रक्कम आज स्वतंत्र निधीत भराल का, आणि शंभर वर्षं 8 टक्के परताव्याची हमी द्याल का? हमी कोण देणार, असं ते म्हणाले. तेही बरोबरच होतं. मग तो दर तक्त्यात तरी कशाच्या बळावर?

2 टक्क्यांनी पुन्हा मांडल्यावर कायमच्या शुद्धीकरणाचा बोजा चौपटीहूनही जास्त झाला. फायदा उरला, पण थोडाच. पहिला सुरुंग लागण्याआधी पूर्ण निधी जमा व्हावा, ही अट आम्ही शिफारशीत घातली. ती हप्त्यांवर न्यावी म्हणून संध्याकाळपर्यंत आग्रह चालला. मी मानलं नाही, कारण खाणकंपन्या भाव पडले की बुडू शकतात आणि उरलेले हप्ते त्यांच्याबरोबर जातात.